क्रिटिकल पाथवरचे खड्डे

दर सोमवारी सकाळी महाराष्ट्रातल्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या बांधकामाच्या साइट ऑफिसात एक विधी पार पडतो. पत्र्याच्या केबिनमधला एसी घरघरत असतो, प्रोजेक्टर लागतो आणि भिंतीवर आडव्या पट्ट्यांचं एक रंगीत चित्र उमटतं. निळ्या पट्ट्या म्हणजे झालेलं काम, हिरव्या म्हणजे व्हायचं काम, आणि लाल म्हणजे ज्याला एक दिवस उशीर झाला तर अख्ख्या इमारतीला एक दिवस उशीर होतो असं काम. चित्रात लाल इतकं असतं की हिरवं शोधावं लागतं. मालकाच्या बाजूचे साहेब चष्मा वर सरकवून विचारतात, "हे सगळं लाल का?" प्लॅनिंग इंजिनिअर अदबीनं सांगतो, "सर, सॉफ्टवेअर दाखवतंय." साहेब म्हणतात, "मग सॉफ्टवेअरला सांगा की! शुक्रवारी वर रिपोर्ट जायचाय." पुढच्या सोमवारपर्यंत चित्र हिरवंगार होतं. मधल्या आठवड्यात साइटवर घडलेलं एवढंच असतं की विटांचा एक ट्रक चुकीच्या गेटनं आत येऊन चुकीच्या जागी रिकामा झाला आणि त्या विटा योग्य जागी वाहून नेण्यात बिगाऱ्यांचे दोन दिवस गेले. लॅपटॉपमध्ये मात्र त्याच आठवड्यात भरपूर बांधकाम झालेलं असतं.

बांधकामाचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या या सॉफ्टवेअरबद्दल आपल्याकडे दोन मतं आहेत. विकणारे म्हणतात, याच्याशिवाय काम वेळेत होणार नाही. वापरणारे म्हणतात, याच्यासकटही होत नाही, मग लायसन्सचे पैसे कशाला भरायचे? माझ्या मते दोघंही त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरवर अन्याय करतात. ते आपल्याकडे शंभर टक्के यशस्वी झालेलं आहे. त्याला नेमून दिलेलं काम कोणतं, एवढंच आपण नीट पाहिलेलं नाही. वरच्या माणसाला पुढच्या सोमवारपर्यंत गप्प बसवणं हे त्याचं पहिलं काम. आणि तो गप्प बसेनासा झाला की उशीर दुसऱ्याच कोणामुळे तरी झाला हे आकडेवारीनिशी सिद्ध करणं हे दुसरं. ही दोन्ही कामं ते चोख करतं. इमारत वेळेत उभी करण्याची जबाबदारी त्याच्यावर कोणी टाकलीच नव्हती.

हे आपल्या मातीचे गुण आहेत असं समजून कोणी खजील होऊ नये. या घराण्याचा मूळ पुरुषच असा होता. १९५७-५८च्या सुमारास अमेरिकी नौदल पाणबुडीतून डागायचं पोलारिस क्षेपणास्त्र तयार करत होतं. असंख्य कंत्राटदारांच्या कामांचा मेळ घालण्यासाठी त्यांनी 'पर्ट' नावाची पद्धत काढली. प्रत्येक कामाला तीन मुदती द्यायच्या: सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, नेहमीसारखं झालं तर किती, आणि सगळंच बिघडलं तर किती. मग गणित करून तारीख काढायची. १९६० मध्ये पोलारिस पाण्याखालून व्यवस्थित उडालं आणि पर्टची कीर्ती जगभर झाली. १९७२ मध्ये हार्वी सापोल्स्की या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञानं या प्रकल्पावर एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि सगळी मजा घालवली. त्याचा निष्कर्ष असा की क्षेपणास्त्राच्या यशात पर्टचा वाटा फारसा नव्हता, आणि प्रत्यक्ष काम करणारे तंत्रज्ञ तिच्याकडे फारसं लक्षही देत नव्हते. पण संगणक, तक्ते आणि रंगीत रेघा यांचा दबदबा असा काही बसला की वरच्या कचेऱ्या आणि अमेरिकी काँग्रेसचे सभासद लुडबुड करायला धजेनात, आणि त्या निवांतपणात इंजिनिअरांनी आपलं क्षेपणास्त्र पूर्ण केलं. थोडक्यात, जगातलं पहिलं नामांकित संगणकीय वेळापत्रक हे साहेबांना दूर ठेवण्यासाठी उभारलेलं कुंपण होतं. आपण फक्त ते कुंपण कोपऱ्याकोपऱ्यावरच्या टॉवरपर्यंत आणून पोचवलं.

गणितात खोट नाही, हे मात्र मान्य करायला हवं. त्याच वर्षांत ड्यूपॉन्टचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी 'क्रिटिकल पाथ'ची, म्हणजे सगळ्या कामाला लांबवू शकणाऱ्या त्या लाल पट्ट्यांची साखळी शोधण्याची, पद्धत बसवली, आणि लुइव्हिलच्या कारखान्यात तिच्या जोरावर देखभालीसाठी यंत्रं बंद ठेवण्याचा काळ १२५ तासांवरून ९३ तासांवर आणला. पण तो कारखाना होता. गेट बंद, नट-बोल्ट मोजलेले, माणसं पगारी. आणि मुख्य म्हणजे दर तासाला पैसे जात असल्यामुळे खरं काय चाललंय हे कळावं अशी मालकाचीच इच्छा होती. ही शेवटची अट जिथे नसते तिथे गणित बरोबर असून उपयोग होत नाही. उलट ही अट असेल तर गणितासाठी संगणकही लागत नाही. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग मार्च १९३० मध्ये सुरू झाली आणि १ मे १९३१ला तिचं उद्घाटन झालं. १०२ मजले. त्या काळी एवढ्या मुदतीत आपल्याकडच्या कचेऱ्यांत फाइल दुसऱ्या मजल्यावर जात असेल की नाही शंका आहे, आणि आजही प्रगती साधारण तेवढीच आहे.

आपल्याकडचं वेळापत्रक तयार कसं होतं ते पाहिलं की बाकीचा उलगडा आपोआप होतो. शास्त्रात सांगितलेला क्रम असा: आधी कामांची यादी करा, मग कोणतं काम कोणत्या कामानंतर ते ठरवा, मग प्रत्येकाला लागणारे दिवस घाला, सगळ्याच्या शेवटी तारीख निघेल. आपल्याकडे तारीख आधी निघते. ती निवडणुकीवरून निघते, गुढीपाडव्यावरून निघते, ३१ मार्चवरून निघते, क्वचित चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसावरूनही निघते. मुलगी पसंत पडल्यावर पत्रिका जुळवून घ्यावी, तशी मग सगळी कामं त्या तारखेशी जुळवून घेतली जातात. हे जुळवण्याचं काम सगळ्यांत नव्या इंजिनिअरकडे येतं, कारण जुन्यांना ते येत नाही असं जुने सांगतात. तो पोरगा महिनाभर राबून हजारो कामं एकमेकांना जोडतो, बटण दाबतो आणि घाबऱ्या चेहऱ्यानं प्रोजेक्ट मॅनेजरकडे जातो. "सर, पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर येतोय." "येतोय म्हणजे? मार्च म्हटलंय ना तुला?" "पण सर, लॉजिक लावलं की नोव्हेंबरच येतो." "मग लॉजिक काढ." हा विनोद वाटेल, पण सॉफ्टवेअरमध्ये त्याची रीतसर सोय आहे. शेवटच्या कामाला 'अमुक तारखेला संपलंच पाहिजे' असा खिळा ठोकता येतो. खिळा ठोकला की सॉफ्टवेअर निमूटपणे उलटा हिशोब करून सांगतं की या हिशोबानं पाया चार महिन्यांपूर्वी खणून व्हायला हवा होता. याला निगेटिव्ह फ्लोट म्हणतात. जमिनीत पहार पडायच्या आधीच उशीर झालेला असतो आणि तो दिवसांत मोजून मिळतो, एवढी अचूकता दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात असेलसं वाटत नाही.

आता हा निगेटिव्ह फ्लोट मारायचा, तर कामांचे दिवस कापावे लागतात. इथे सॉफ्टवेअरचा स्वभाव फार मोकळा. चौकटीत चौदाच्या जागी सात लिहा, ते कुरकुर करत नाही. काँक्रीट तेवढं मोकळ्या मनाचं नसतं. आपल्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साडेचार मीटरपेक्षा जास्त गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू साधारण चौदा दिवस ठेवायचे असतात, आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद अठ्ठावीस दिवसांनी तपासायची असते. सिमेंट आणि पाणी यांच्यातली ही बोलणी कोणत्याही मीटिंगच्या दडपणाखाली लवकर उरकत नाहीत. तरी वेळापत्रकात मजला सात दिवसांचा होतो. साइटवरचा अनुभवी इंजिनिअर तो कागद बघतो, "छान झालंय" म्हणतो, त्यावर चहाचा ग्लास ठेवतो आणि टेकू चौदा दिवसांनीच काढतो. राज्यातल्या पुष्कळ इमारती आज सरळ उभ्या आहेत, त्या वेळापत्रक कोणी पाळलं नाही म्हणून.

इथे कोणी म्हणेल की यात लबाडी कसली, हा तर मनुष्यस्वभाव झाला. म्हणणं खरं आहे आणि त्याला शास्त्राधारही आहे. डॅनियल कानमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं होतं की माणूस आपल्या कामाचा अंदाज करताना अशा कामांचा पूर्वीचा अनुभव खुशाल विसरतो. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं चौतीस दिवस. सगळंच बिघडलं तर? एकोणपन्नास. प्रत्यक्षात लागले जवळजवळ छप्पन्न. म्हणजे सगळंच बिघडलं तर काय होईल याचा अंदाजसुद्धा माणूस आशेनंच करतो. (दिवाळी अंकांत लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना हा शोध लावण्यासाठी परदेशी विद्यापीठाची गरज नव्हती, कुठल्याही संपादकानं आमची वचनं आणि लेख हाती पडल्याच्या तारखा शेजारी शेजारी छापल्या असत्या तरी भागलं असतं.) पण विद्यार्थी आणि बांधकाम यांत एक फरक आहे. विद्यार्थ्याला आपण चुकतोय हे ठाऊक नव्हतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये ते सगळ्यांना ठाऊक असतं. मालकाला ठाऊक असतं, कंत्राटदाराला असतं, कन्सल्टंटला असतं, चहा आणणाऱ्या पोऱ्यालाही असतं. तरी तारीख मार्चच राहते, कारण एप्रिल हा शब्द पहिल्यांदा जो उच्चारेल त्याच्यामुळे उशीर झाला असं ठरतं.

म्हणून कामाची टक्केवारी हा सगळ्यांत सोयीचा रकाना. काम किती झालं, हे सॉफ्टवेअर स्वतः जाऊन बघत नाही. आपण सांगू ते मानतं. त्यामुळे कुठलंही काम पहिल्या महिन्यात भराभर नव्वद टक्क्यांवर जातं आणि उरलेले दहा टक्के इमारतीच्या आयुष्याबरोबर चालू राहतात. "प्लंबिंग किती झालं?" "नव्वद टक्के, साहेब." "गेल्या महिन्यातही नव्वदच होतं." "तेव्हा ते अंदाजे होतं साहेब. आता पक्कं नव्वद आहे." ज्या टॉवरची सगळी कामं नव्वद टक्के झालेली असतात, त्यात शेवटी एकाही घरात नळाला पाणी नसतं, लिफ्ट नसते आणि भोगवटा प्रमाणपत्र तर नसतंच.

खरं वेळापत्रक साइटवर असतं, पण ते मुकादमाच्या खिशातल्या वहीत. कोणत्या टोळीला किती उचल दिली, कोणाच्या बहिणीचं लग्न कधी, कोणत्या जिल्ह्यात निवडणूक आहे आणि मतदानाला जाणारा सळईवाला किती दिवसांनी परततो, हे त्यात असतं. होळीला आणि छठपूजेला माणसं गावी जातात, तेव्हा सेंट्रिंग महिनाभर आ वासून उभं राहतं हे त्याला पक्कं माहीत. सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या दोन सुट्ट्या असतात, आणि त्या दिवशी साइटवर काम चालू असतं. आता कोणी विचारेल की मुकादमाची वही सॉफ्टवेअरमध्ये का घालत नाहीत? घालता येते, तांत्रिक अडचण काहीही नाही. घातली तर नोव्हेंबर येतो.

पावसाचं प्रकरण याहून मौजेचं. हवामान खात्याच्या हिशोबानं मान्सून सर्वसाधारणपणे ११ जूनला मुंबईत पोचतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. चार-दोन दिवस इकडेतिकडे होतात, पण सगळ्या बांधकाम व्यवसायात वक्तशीर म्हणावा असा हा एकच घटक. तरी दर वर्षी जूनच्या मध्यावर पत्र निघतं: "अनपेक्षित पावसामुळे काम बंद ठेवावं लागत आहे." याचं कारण करारात आहे. नेहमीचा पाऊस धरूनच मुदत दिली आहे, असं बहुतेक करार म्हणतात. मुदतवाढ हवी तर पाऊस असाधारण होता हे दाखवावं लागतं. त्यामुळे कोकणात पडणारा प्रत्येक पाऊस हा पत्रव्यवहारात अभूतपूर्व असतो.

आणि इथे आपण सॉफ्टवेअरच्या खऱ्या कर्तृत्वापाशी येतो, ते म्हणजे पत्रव्यवहार. आंतरराष्ट्रीय कामांत 'फिडिक' या सल्लागार अभियंत्यांच्या संघटनेचे नमुना करार वापरतात. त्यांतल्या १९९९च्या रेड बुकमध्ये कंत्राटदारानं काम सुरू करण्याची नोटीस मिळाल्यापासून २८ दिवसांत तपशीलवार वेळापत्रक सादर करावं असं आहे. कंत्राटदार ते करतो. बहुधा हीच एक गोष्ट वेळेत होते. मग मालकाचा कन्सल्टंट ते तपासतो आणि अशा भाषेत उत्तर देतो की जिचं कौतुक करावं तेवढं थोडं: पाहिलं, तूर्त हरकत नाही, मात्र याला मान्यता समजू नये आणि यामुळे कंत्राटदाराची कोणतीही जबाबदारी कमी होत नाही. मान्यता दिली तर त्या तारखांना ड्रॉइंग देणं, जमीन देणं आपल्या गळ्यात येईल ही भीती. नाकारलं तर 'वेळापत्रक तुम्हीच अडवून ठेवलं' म्हणतील ही दुसरी. पुष्कळशी वेळापत्रकं अशी त्रिशंकू अवस्थेतच जन्मतात, वाढतात आणि सुधारित होतात. पहिली बेसलाइन, दुसरी रिव्हाइज्ड बेसलाइन, मग कॅच-अप प्लॅन, मग रिकव्हरी शेड्युल. प्रत्येकात मागचा उशीर पुसला जातो आणि पट्ट्या पुन्हा हिरव्या होतात. कॅच-अप प्लॅनचं वैशिष्ट्य असं की ज्या टोळीला दोन वर्षांत महिन्याला एक मजला जमलेला नाही, ती पुढच्या महिन्यापासून तीन मजले टाकू लागते. तिला ते कोणी कळवलेलं नसतं.

सरकारी कामांत याच्या जोडीला एक हिंड्रन्स रजिस्टर असतं. मराठी गद्याच्या अभ्यासकांनी या वाङ्मयाकडे अक्षम्य दुर्लक्ष केलं आहे. कामात कोणता अडथळा कधी आला, कधी दूर झाला, याच्या त्यात नोंदी असतात: विजेचा खांब हलवला नाही, झाड तोडायची परवानगी नाही, नकाशा मिळाला नाही, जमीन ताब्यात नाही, ग्रामस्थांनी काम बंद पाडलं. कंत्राटदार यात उदार हातानं लिहितो, आणि खात्याचा इंजिनिअर तितक्याच उदारपणे सही करायचं टाळतो. "सही करा की साहेब, खांब समोर दिसतोय." "खांब दिसतोय हो, पण तो अडथळा आहे हे कुठं सिद्ध झालंय?" हे एवढं जिवाच्या करारानं का चालतं, तर उशीर मालकामुळे असेल तर कंत्राटदाराला मुदतवाढ आणि कधी भरपाई, कंत्राटदारामुळे असेल तर त्याला दंड. काम संपल्यावर, किंवा संपत नाही हे नक्की झाल्यावर, दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ तीच एक फाइल उघडतात. एक तीतून मालकामुळे झालेला चारशे दिवसांचा उशीर काढतो, दुसरा कंत्राटदारामुळे झालेला चारशे दिवसांचा. दोघांची गणितं बरोबर असतात. ज्या सॉफ्टवेअरनं तीन वर्षांत एका गवंड्यालाही उद्या कुठली भिंत घ्यायची ते सांगितलं नाही, ते लवादापुढे चार-चार दिवस साक्ष देतं. त्या लवादालाही कायद्यानं बारा महिन्यांची मुदत घातलेली आहे. दोन्ही पक्षांच्या संमतीनं आणखी सहा महिने, आणि त्यापुढे कोर्टाकडून मुदतवाढ. कायदा करणारी माणसंही आपल्यातलीच होती, हे लगेच कळतं.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. तो असा की सॉफ्टवेअर नसतं तर हाल याहून वाईट झाले असते. दहा हजार कामांचा प्रकल्प कोणी तोंडी चालवू शकत नाही. आक्षेप मला मान्य आहे, पण तो माझ्या विरुद्ध जात नाही. सॉफ्टवेअर खरंच सांगतं, अशीच तर माझी तक्रार आहे. ऐकायला कोणी तयार नसतो. आता योगायोग पाहा. वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर बनवणारी प्रिमावेरा ही कंपनी अमेरिकेत १९८३ मध्ये निघाली. त्याच वर्षी विदर्भातल्या गोसीखुर्द प्रकल्पाला ३७२ कोटींची प्रशासकीय मान्यता मिळाली. पुढच्या वर्षी, १९८४ मध्ये, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टही आलं. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दचं भूमिपूजन झालं. त्यानंतर प्रिमावेराच्या किती आवृत्त्या निघाल्या, फ्लॉपीवरून ते सीडीवर आणि सीडीवरून ढगात गेलं, २००८ मध्ये ओरॅकलनं अख्खी कंपनीच विकत घेतली. इकडे वैनगंगेवर धरण उभं राहिलं, खर्च अठरा हजार कोटींच्या पुढे गेला, पण कालव्यांची कामं अजून चालूच आहेत. चाळीस वर्षं दोघंही समांतर वाढले आणि कोणाचाही कोणावर परिणाम झाला नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचंही तेच. २०११ मध्ये काम सुरू झालं, तेव्हापासून दर वर्षी गणपतीच्या आधी ते पूर्ण व्हायचं असतं. गणपती मात्र कुठल्याही बेसलाइनशिवाय भाद्रपद शुद्ध चतुर्थीलाच येतो. चाकरमानीही त्याच खड्ड्यांतून, त्याच वेळी, त्याच गावाला पोचतात.

दुसरा आक्षेप याहून अवघड. ई. श्रीधरन यांचं काय, असं कोणीही विचारेल. त्याच कोकणातून, त्याच पावसात आणि त्याच डोंगरांतून त्यांनी १९९० ते १९९८ या काळात कोकण रेल्वे नेली. दिल्ली मेट्रोचा दहा वर्षांचा पहिला टप्पा सुमारे सात वर्षांत केला. मग आपल्याकडे होत नाही असं कसं म्हणायचं? होतं, म्हणूनच तर मी सॉफ्टवेअरला दोष देत नाही. कोकण रेल्वेलाही ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागलाच. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यातली माती भिजल्या भाकरीसारखी बसत होती आणि त्या एका बोगद्यानं सहा वर्षं खाल्ली. पण तिथे उशीर मातीमुळे झाला आणि तो मातीच्याच नावावर लिहिला गेला. दिल्ली मेट्रोत श्रीधरन यांनी साइटवर उलटी चालणारी घड्याळं लावली होती. किती दिवस उरले एवढंच ती दाखवायची. तंत्रज्ञान म्हणून ते घड्याळ प्रिमावेरापुढे अगदीच गावंढळ. त्यात क्रिटिकल पाथ नाही, फ्लोट नाही, टक्केवारीचा रकाना नाही. पण त्याला रिव्हाइज्ड बेसलाइनचं बटणही नाही, आणि त्याच्याकडे बघून "सॉफ्टवेअर दाखवतंय" असं म्हणता येत नाही. शिवाय त्या घड्याळाखाली बसलेल्या माणसाला निर्णय घ्यायचा अधिकार होता. सोमवारच्या मीटिंगमध्ये बारा जण असतात, आणि खांब हलवायचा अधिकार असलेला तेरावा माणूस कधीच आलेला नसतो.

खासगी घरबांधणीत तरी रेराच्या कायद्यानं सगळं ठीक झालं, असं मानणाऱ्यांनी एखादी जाहिरात बारकाईनं वाचावी. कायदा २०१६चा, पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. तोवर ताब्याची तारीख ही व्यवहारात बिल्डरच्या मर्जीची बाब होती. आता ती महारेराच्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते आणि चुकवली तर ग्राहकाला व्याज द्यावं लागतं. ही सुधारणा मोठी आहे, थट्टेवारी न्यायची नाही. फक्त त्यामुळे इमारतींना दोन-दोन जन्मतारखा मिळू लागल्या. ठळक अक्षरांत 'टार्गेट पझेशन', आणि खाली मुंगीच्या अक्षरांत त्याच्या दीड-दोन वर्षं पुढचं 'रेरा पझेशन'. सेल्स ऑफिसातली मुलगी पहिली सांगते, करारनाम्यात दुसरी असते, कंत्राटदाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तिसरी, आणि चौथी मुकादमाच्या वहीत. नोंदणीची मुदत वाढवून मिळण्यासाठी कायद्यानं युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप वा अन्य नैसर्गिक आपत्ती अशी कारणं मोजून दिली आहेत. बांधकाम कंपन्यांच्या प्लॅनिंग विभागात हवामानाच्या बातम्या एवढ्या आवडीनं का वाचतात, याचा उलगडा यात आहे.

तेव्हा येत्या दसऱ्याला ज्यांना फ्लॅट बुक करायचाय, त्यांना एक विनंती. सेल्स ऑफिसात भिंतीवर लावलेला पट्ट्यांचा रंगीत तक्ता बघून हुरळू नका आणि घाबरूही नका. तो तुमच्यासाठी काढलेला नाही. महारेराच्या संकेतस्थळावर जाऊन दुसरी तारीख बघा. जमलं तर एखाद्या रविवारी साइटच्या मागच्या गेटला जा, मुकादमाला चहा पाजा आणि सेंट्रिंगची टोळी होळीला गावी जाऊन कधी परत येते ते विचारून घ्या. आणि सध्याच्या घराचा अकरा महिन्यांचा भाडेकरार करताना नूतनीकरणाचं कलम घालायला विसरू नका. एकदाचं नव्हे, निदान तीनदाचं.